लिबी कोत्रबाने कर कसा भरला

ओमाहाकडच्या आमच्या डोब्री गावात जमिनीचा कर चेकनेच भरतात. चेक घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहायचा, दुमडून शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि कोर्टहाऊसमध्ये, म्हणजे आमच्या काऊंटीच्या कचेरीत, खजिनदाराच्या खिडकीशी गेल्यावर मागच्या चौघांना दिसेल असा सावकाश उलगडायचा. मी बावन्न वर्षं असाच भरत आलोय. त्याच खिडकीवर क्रेडिट कार्ड काढून ठेवणारं गावातलं पहिलं माणूस म्हणजे माझी मावसबहीण लिबी कोत्रबा. वय चौऱ्याहत्तर. तिनं ते कार्ड काढलं आणि अडीच आठवडे गावाची झोप उडाली.

आधी लिबी कशी आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं पटेल.

आम्ही एकाच शाळेत शिकलो. एक खोली, एक बाई, एक शेगडी आणि आठ इयत्ता. एका हिवाळ्यात कुणीतरी शेगडीच्या धुराड्यात मक्याची बुरकुंडं कोंबली. सगळी खोली धुरानं भरली आणि बाईंचे डोळे चुरचुरू लागले. कुणी कोंबली ते लिबीला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे बाईंना ठाऊक होतं. नाव सांगेपर्यंत कोपऱ्यात उभी राहा, असा हुकूम झाला. लिबी नऊ दिवस उभी राहिली. दहाव्या दिवशी बाईच थकल्या आणि म्हणाल्या, "बस आता जागेवर." लिबी म्हणाली, "मी इथे ठीक आहे." आणि आणखी एक दिवस स्वतःच्या मर्जीनं उभी राहिली. ती बुरकुंडं मी कोंबली होती. बाई आता नाहीत, म्हणून लिहून टाकतो.

पुढे तिनं चौतीस वर्षं शाळेची सात नंबरची बस चालवली. एकदा शाळेच्या मंडळानं ठरवलं की ह्लावाचांच्या शेताकडच्या वाटेवर चिखल असतो, तिथे बस न्यायची नाही, त्यांच्या तिघा पोरांनी दीड मैल चालत हमरस्त्यावर यावं. लिबीनं तो कागद वाचला आणि दुसऱ्या दिवशी बस त्याच वाटेनं घातली. रुतली. ट्रॅक्टर बोलावून काढली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा घातली, पुन्हा रुतली. तिसऱ्या वेळी ज्याचा ट्रॅक्टर जवळ होता तो मंडळाचा अध्यक्षच निघाला. गुडघाभर चिखलात उभं राहून त्यानं साखळी बांधली, आणि पुढच्या महिन्यात त्या वाटेवर खडी पडली. लिबी त्याला एवढंच म्हणाली होती, "तुमचे बूट चांगले आहेत हो."

करसुद्धा ती शेवटच्या दिवशी, तीस एप्रिलला, पावणेपाचला भरायची. पाचला खिडकी बंद होते. "माझे पैसे माझ्याकडे एक दिवस जास्त राहिले तर काऊंटीचं काय जातं?" असं म्हणायची. तिचे ऐंशी एकर आहेत, ते नॉर्बर्ट झेमन कसतो आणि तिला भाडं देतो. नवरा एमिल सहा वर्षांपूर्वी गेला.

तिची थोरली बहीण अल्बिना जोगीण, म्हणजे चर्चची नन, झाली आणि परिचारिका म्हणून बोलिव्हियात गेली, कोचाबांबाला. त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. दर चार वर्षांनी ती घरी यायची, महिनाभर राहायची आणि आमच्या सगळ्यांचे रक्तदाब मोजून जायची. गेल्या नोव्हेंबरात तिचं पत्र आलं. लिबीनं ते माझ्यासमोरच वाचलं. डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केलाय, आता माझं येणं होणार नाही, सगळ्यांना निरोप सांग, असं त्यात होतं. लिबीनं पत्राची घडी घातली, कॉफी ओतली आणि म्हणाली, "मग मी जाते."

"तू?" मी म्हटलं. "तू कधी विमानात बसलीस?"

"अल्बिनाही पहिल्यांदा बसलीच होती की कधीतरी."

तिकीट एकोणीसशे डॉलरांचं. पैसे नव्हते असं नाही. पण गारांनी तिच्या घराचं छप्पर फोडलं होतं, आणि बँकेत होतं ते छपराचं आणि कराचं. त्याला ती हात लावणार नव्हती. मी थोडे देऊ केले, तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी ताटलीतला पुढचा कोलाचे, आमचा मुरंबा भरलेला गोड पाव, गुपचूप तोंडात टाकला.

पुढचं तिनं मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती, आणि मला दुसरी कुठली तरी सांगावी लागली असती. मला कळलं ते सगळं झाल्यावर.

तिच्या बसमधून शाळेला गेलेली एक मुलगी आता ओमाहात दंतवैद्य आहे. लिबी दात दाखवायला गेली तेव्हा ती मुलगी नुकतीच हवाईला जाऊन आली होती, म्हणे कराच्या जोरावर. तिनं समजावलं ते असं. अमुक एक नवं कार्ड घ्यायचं. तीन महिन्यांत त्यावर चार हजार डॉलर खर्च केले की कार्डवाले एवढे मैल बक्षीस देतात की बोलिव्हियाला जाऊन परत येता येतं. मैल म्हणजे विमान कंपनीचे गुण, पैशासारखे वापरायचे. कार्डाचं बिल आलं की त्याच महिन्यात पुरतं फेडायचं, म्हणजे व्याज नाही. कर कार्डानं भरला तर मशीनवाले शंभरामागे अडीच डॉलर जादा घेतात, पण तिकिटाच्या मानानं ते काहीच नाही.

"चार हजार मी कशावर खर्च करू?" लिबीनं तोंडात कापूस असतानाच विचारलं. बरोबर आहे. बाई केस स्वतः कापते, बटाटे स्वतः लावते, तिचा कोट तिच्यापेक्षा जास्त हिवाळे पाहिलेला.

"मिसेस कोत्रबा, तुमचा जमिनीचा कर किती येतो?"

वर्षाचा कर चार हजार दोनशे साठ येत होता. लिबी म्हणे खुर्चीत उठूनच बसली. पन्नास वर्षं कर भरतेय, एकदा तरी तो मला कुठे घेऊन जाऊ दे, असं तिच्या मनानं घेतलं. मार्चच्या सुरुवातीला कार्ड आलं. मुदत जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

चौदा एप्रिलला, सकाळी दहा वाजता, लिबी कोर्टहाऊसमध्ये गेली. खजिनदार कार्ला स्विताक हीसुद्धा सात नंबरच्या बसमधलीच. लिबी म्हणाली, "वर्षाचा पुरता कर घे, दोन्ही हप्ते," आणि खिडकीच्या लाकडावर कार्ड ठेवलं.

आता बघा. जी बाई पन्नास वर्षं शेवटच्या दिवशी पावणेपाचला येते, ती पंधरा दिवस आधी आली. आणि चेकबुकाऐवजी कार्ड, म्हणजे उधारी, घेऊन आली. आमच्याकडे सत्त्याऐंशी साली, शेतं लिलावात जात होती तेव्हा, लोक काय काय घेऊन त्या खिडकीवर उभे राहिले हे ज्यांनी पाहिलंय ते विसरलेले नाहीत. शिवाय ज्यांचा कर थकतो त्यांची नावं दर फेब्रुवारीत पेपरात छापून येतात, आणि ती यादी आमच्याकडे मृत्यूच्या बातम्यांच्याही आधी वाचतात. लिबीच्या मागे रांगेत नॉर्बर्ट होता, ट्रेलरची नंबरपाटी घ्यायला आलेला. त्यानं कार्ड पाहिलं आणि टोपी काढली. प्रेतयात्रा जाताना काढतात तशी.

कार्लानं कपाटातून मशीन काढलं. ते अजून खोक्यातच होतं. लावलं तर चालेना. "मिसेस कोत्रबा, मशीनवाला पुढच्या गुरुवारी येणार आहे. तुम्ही चेक देता का?"

"नाही," लिबी म्हणाली. "गुरुवारी येते."

बस. एवढंच घडलं.

संध्याकाळपर्यंत लिबीच्या ओसरीवर, दुखवट्याच्या घरी नेतात तशी, तीन काचेची भांडी येऊन बसली होती, नूडल्स आणि चिकन, नूडल्स आणि टूना, आणि एकात नुसत्याच नूडल्स. नॉर्बर्ट येऊन दारात उभा राहिला आणि बुटांकडे बघत म्हणाला, "यंदाचं भाडं आत्ताच देऊन टाकू का? मला काय, कधीही द्यायचंच आहे."

"नोव्हेंबरात दे, दरवर्षी देतोस तसं," लिबी म्हणाली. "तुला काय झालंय? एर्नाशी भांडलास का?"

को-ऑपच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीच्या, गोदामात रोज सकाळी आम्हा म्हाताऱ्यांचं कॉफीचं टेबल असतं. दुसऱ्या दिवशी तिथे पत्ते कुणी पिसलेच नाहीत. नॉर्बर्टनं बियाण्याची पावती काढून उलटी केली आणि म्हणाला, "एमिलच्या औषधोपचारात सगळं गेलं असणार. बोलणार नाही ती. तिला विचाराल तर मार खाल." मग त्यानं वर आपलं नाव लिहिलं, पुढे सहाशे. मी दोनशे लिहिले. मला कळायला हवं होतं, मी तिच्या घरी आठवड्यातून चारदा कॉफी पितो. पण मी विचार केला, छप्पर, विमान, म्हातारपण, चुकला असेल बाईचा हिशेब. शनिवारपर्यंत त्या पावतीवर एकोणीस नावं झाली. सोमवारी नॉर्बर्टनं लिबीचा वर्षाचा कर, दोन्ही हप्ते, भरून टाकला.

गुरुवारी मशीन चालू झालं. लिबी गेली. कार्लानं तिच्याकडे बघितलं नाही, म्हणाली, "मिसेस कोत्रबा, तुमच्या नावावर काही बाकी नाही."

"म्हणजे?"

"भरलाय. पुढच्या वर्षापर्यंत."

"कुणी?"

"ते मला सांगता येत नाही."

"मग परत कर त्यांना आणि माझा घे."

"भरलेला कर परत देता येत नाही. कायदा आहे."

लिबी तिथून थेट को-ऑपमध्ये आली. बसच्या दारातून पोरांकडे बघायची तसं एकेकाकडे बघितलं. सत्तरी ओलांडलेले सात पुरुष, सगळ्यांनी पाय टेबलाखाली ओढून घेतले.

"माझा कर कुणी भरला?"

सगळे आपापल्या कपात बघू लागले. आमच्याकडे रीतच आहे. मदत करायची आणि केली हे मरेपर्यंत कबूल करायचं नाही. एखाद्याचा मका कुणीतरी येऊन कापून जातं आणि विचारलं तर सगळे म्हणतात, आम्ही तर चर्चमध्ये होतो. आणि दिलेलं परत घ्यायचं नाही, हे तर त्याहून पक्कं.

"मी मागितलं होतं कुणाकडे?" लिबी म्हणाली. "माझ्याकडे पैसे होते. बँकेत. पुरते. मी तो कर कार्डावर टाकणार होते, कार्डवाले मला तिकीट देणार होते, आणि मी अल्बिनाला बघायला जाणार होते. आता कार्डावर टाकायला माझ्याकडे करच नाही."

हे असं आम्हाला कळलं. नॉर्बर्टनं बोटांवर हिशेब केला. "सरकारला पैसे द्यायचे, आणि ते देता यावेत म्हणून वर आणखी शंभर डॉलर द्यायचे? कुणाला तरी?"

"शंभर डॉलरांत बोलिव्हियाला नेणारा तुझ्या ओळखीचा कुणी असेल तर नाव सांग."

"मग आता सोपंच झालं की. कराचे पैसे तुझ्याकडेच राहिले ना? त्यातून घे तिकीट. जा. मजा कर."

लिबी त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली की त्यानं टेबलावर ठेवलेली टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "नॉर्बर्ट," ती म्हणाली, "अल्बिना मला विचारेल, कशी आलीस? मी काय सांगू, को-ऑपच्या टेबलावर टोपी फिरवून वर्गणी जमवली म्हणून?" तिनं चेकबुक उघडून टेबलावर आपटलं. "नावं सांगा. आत्ता लिहून देते."

सात जणांनी सात दिशांना बघितलं. कुणी नाव सांगेना, कुणी चेक घेईना. नॉर्बर्ट म्हणाला, "मला काय ठाऊक? मी तर चर्चमध्ये होतो."

"सोमवारी? सकाळी साडेनऊला?"

"प्रार्थनेला काय वार असतो?"

लिबी निघून गेली. मी घरी आलो. ती बियाण्याची पावती माझ्याच खिशात होती, कारण माझा चष्मा सगळ्यांत बरा म्हणून हिशेब मी ठेवला होता. दोन दिवस मी तिच्याकडे कॉफीला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. ती ओट्याशी उभी होती आणि परक्यांची काचेची भांडी पुसत होती.

"लाद्या," ती वळून न बघता म्हणाली, "तू किती दिलेस?"

"मी कुठे?"

"दोनशे. तू कायम दोनशेच देतोस. फादरांच्या छपरालाही दोनशेच दिले होतेस."

मी पावती काढून टेबलावर ठेवली. साठ वर्षांपूर्वी ती माझ्यासाठी दहा दिवस उभी राहिली होती, मी तिच्यासाठी अडीच दिवससुद्धा तग धरला नाही. तिनं हात पुसले, पावती वाचली, खालची बेरीज पाहिली. मग खुर्ची ओढून बसली.

"दुसऱ्याचा कर कुणीही भरू शकतो ना?" ती म्हणाली.

"भरला की आम्ही तुझा."

"बरं झालं, सवय लावलीत."

तीस एप्रिलला कोर्टहाऊसची रांग दरवाज्याबाहेर पायऱ्यांपर्यंत असते. सगळं गाव, खिशात चेक. लिबी सकाळी सातलाच पायरीवर येऊन बसली होती, आठला खिडकी उघडली तेव्हा पहिली. तिनं कार्ड ठेवलं, पावती ठेवली.

"कार्ला, हे वाच. पावतीवर ज्याच्या नावापुढे जेवढे लिहिलेत, तेवढे त्याच्या करात जमा कर. सगळे या कार्डावर. वरचा आकार माझा."

कार्लानं पावती वाचली. मग तिनं मान वर करून अख्ख्या रांगेकडे बघितलं, कारण पावतीवरची माणसं बहुतेक सगळी तिथेच उभी होती.

"एक मिनिट," मागून फ्रँक बोलला, आमचा धान्याचा काटेवाला. "माझा कर मी भरणार आहे. चेक लिहून आणलाय."

"नवा लिही," लिबी म्हणाली. "तीनशे कमी."

"मी नाही घेणार तुझे तीनशे."

"मी तुला देत नाहीये. काऊंटीला देतेय. कार्ला, कायदा काय आहे?"

कार्ला म्हणाली, "कुणीही कुणाचाही कर भरू शकतं. विचारावं लागत नाही." आणि तिनं मशीनवर पहिला आकडा मारला. मला शपथेवर सांगता येईल की ती हसत होती.

एकेक नाव. मशीन टिकटिक करून विचार करायचं, मग कागद बाहेर काढायचं. फादरांचा कर नसतो, तर त्यांच्या पिकअपच्या नोंदणीत टाकले, तीही त्याच खिडकीवर होते. ज्याचं नाव व्हायचं तो रांगेतून बाहेर यायचा आणि नवा चेक लिहायला बाजूच्या फळीशी जायचा. फळीवर साखळीला बांधलेलं एकच पेन. तिथे वेगळीच रांग लागली. माझं नाव आलं तेव्हा मी आपण होऊन म्हणालो, "दोनशे," तर लिबी म्हणाली, "माहितीय."

शेवटी नॉर्बर्ट राहिला. यादीत सर्वांत वरचा, पण कार्लानं त्याला मागे ठेवलं होतं, आणि का ते आता कळलं. "मिसेस कोत्रबा, यांच्या नावावर काही बाकी नाही. काल संध्याकाळी येऊन वर्षाचा भरून गेलेत."

रांगेत नॉर्बर्ट उभा होता, हाताची घडी घालून. "मला वाटलंच होतं तू असं काहीतरी करशील," तो म्हणाला. "माझे सहाशे तुला ठेवावेच लागतील, लिबी. छपराला लाव."

मी डोक्यात हिशेब केला. तीन हजार सहाशे साठ. चार हजारांना तीनशे चाळीस कमी. कार्डाची मुदत जूनपर्यंत, पण लिबीकडे खर्चायला दुसरं होतं काय? बटाटे? तिनं कार्ड उचललं नाही. जागची हललीही नाही. मागे शंभर माणसं उभी आहेत याचं तिला काही वाटलं असेल असं वाटत नाही. तिला उभं राहण्याची सवय आहे.

आणि रांगेतून, नॉर्बर्टच्या शेजारून, एर्ना झेमन पुढे आली. नॉर्बर्टची बायको. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली, पण तिला चारचौघांत नवऱ्याच्या आधी बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"कार्ला," ती म्हणाली, "नदीकाठचे चाळीस एकर माझ्या नावावर आहेत. माझ्या बापाचे. त्यांचा कर किती?"

"सातशे तीस."

"त्यातले सहाशे लिबीच्या कार्डावर घे."

"एर्ना," नॉर्बर्ट म्हणाला.

"ती जमीन तुझी नाही, नॉर्बर्ट. आणि ते सहाशे निम्मे माझ्या अंड्यांचे होते, मला न विचारता दिलेस." मग ती लिबीकडे वळली. "अल्बिनानं माझ्या तिसऱ्या बाळंतपणात रात्रभर हात धरला होता. तिला सांग, एर्नाचा पोरगा आता सहा फुटांचा आहे."

मशीननं कागद बाहेर काढला. चार हजार दोनशे साठ, आणि वर एकशे सहा डॉलर मशीनवाल्यांचे. लिबीनं एकोणीसच्या एकोणीस पावत्या मोजून घेतल्या आणि पर्समध्ये ठेवल्या.

त्याच दुपारी तिनं बँकेत जाऊन कार्डाचे पैसे पुरते भरले. जूनच्या मध्याला मैल आले. दंतवैद्य मुलीनं फोनवरून तिकीट काढून दिलं आणि सांगितलं की तिकिटावर सत्त्याण्णव डॉलर कर आहे.

"कर भरून मिळवलेल्या तिकिटावर कर?" लिबी म्हणाली. ती दहा मिनिटं बोलत होती, त्यातलं मी इथे लिहीत नाही. मग तिनं विचारलं, "तोही कार्डानं चालेल ना?"

निघायच्या दिवशी पहाटे मी गाडी काढायला गेलो, तर तिच्या दारात नॉर्बर्टची पिकअप आधीच उभी. ओमाहाचा विमानतळ दोन तासांवर. तो म्हणाला, "मी सोडतो." लिबी बॅग खाली ठेवून उभी राहिली.

"पेट्रोलचे पैसे घेणार असशील तर बसते."

"लिबी, बाई, पेट्रोलचे कसले—"

"मग लाद्या सोडेल. त्याची गाडी जुनी आहे, पण तो ऐकतो."

नॉर्बर्टनं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. लिबीनं वीसची नोट काढून हात पुढे धरला आणि तसाच धरून ठेवला. कितीतरी वेळ गेला. तिचं विमान चुकेल असं मला वाटायला लागलं, पण तिला तसं वाटत नव्हतं. शेवटी नॉर्बर्टनं नोट घेतली, दुमडली आणि शर्टाच्या खिशात घातली. आमच्या गावात दिलेल्याचं काही परत घेतलेला पहिला माणूस तो.

अल्बिनाचं पत्र तीन आठवड्यांनी मला आलं. तिच्याच शब्दांत देतो: लिबी पोचली. विमानतळावर चाकाच्या खुर्चीत मला बघून पहिलं वाक्य म्हणाली, "तू वाळलीस." दुसरं म्हणाली, "मी स्वतःच्या पैशानं आलेय." मी विचारलंही नव्हतं. आता आम्ही दोघी दुपारी ओसरीवर शेंगा सोलतो. मठाच्या बसचा चालक चिखलाच्या वाटेनं यायला नाही म्हणतो, त्याला ती रोज काहीतरी सांगत असते. त्याला इंग्रजी येत नाही, तिला स्पॅनिश येत नाही, पण काल तो आला.